जपानी पोरगी काय म्हणाली

मिरज स्टेशनवर माझे बाबा हमालाशी वाद घालत होते. एकुलती एक लेक लग्न होऊन मद्रासच्याही खाली चाललेली, गाडी सुटायला जेमतेम दहा मिनिटं, आणि ह्या गृहस्थांचं काय चाललंय, तर ट्रंक बाकाखाली आडवी सरकवायची की उभी! मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, बाबा, सोडा हो ती ट्रंक, जरा माझ्याकडे बघा. शेवटी ट्रंक आडवी गेली. बाबा खिडकीशी आले, धोतराच्या सोग्याने घाम पुसला आणि म्हणाले, "तिकडे सगळं आंबट खातात. पोट सांभाळ." चोवीस वर्षं वाढवलेल्या मुलीला एवढाच उपदेश. मी विचारलं, "मला न्यायला कधी येणार?" तर म्हणाले, "ते मोठ्या माणसांनी ठरवायचं असतं." तेवढ्यात शिट्टी झाली. बाबा मागे सरकले आणि पुन्हा त्या हमालाशीच काहीतरी बोलायला लागले.

मिरजेत मागे राहिलेल्यांसाठी हे लिहितेय, आणि माझ्यासारख्या लांब जाऊन पडलेल्यांसाठीही. मागे राहिलेल्यांना वाटतं, गेलेली माणसं मजेत आहेत. गेलेल्यांना वाटतं, मागच्यांना आपली आठवणच नाही. दोघंही तोंड शिवून बसतात. ह्या तोंड शिवण्याचा मला इतका वैताग आहे, की एकदाचं सगळं सांगून टाकते.

स्थळ तंजावूरचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आई माझ्या कॉलेजच्या दिवसांतच गेली होती, आणि बाबा शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. मध्यस्थाने सांगितलं, "घराणं तंजावूरच्या मराठी राजांच्या वेळी तिकडे गेलेलं. घरात अजून मराठी बोलतात. पोथ्या आहेत, रोज वाचन असतं." झालं! पोथी म्हटल्यावर बाबा विरघळले. मुलगा शेतकी खात्यात नोकरीला, रोज टाउन बसने जवळच्या ओरत्तनाडूला जाऊन येऊन करणारा, सरळ मनाचा. मीही हो म्हटलं. उगाच दोष कुणाला देऊ? बंगळूर, मग तिरुची, मग बस, असं करत तिसऱ्या दिवशी तंजावूरला उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की परत जायचं तर हे सगळं उलटं करावं लागणार.

सासूबाईंना घरातले सगळे, त्यांची स्वतःची मुलंसुद्धा, अक्का म्हणत. मग मीही अक्काच म्हणायला लागले. सासरे नव्हते. नणंदा लग्न होऊन दूर गेलेल्या. म्हणजे दिवसभर घरात मी आणि अक्का. नऊवारी नेसलेली, शिडशिडीत बाई, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या चमक्या. पहाटे उठून सडा घालायच्या, दारात हात न थांबवता ठिपक्यांचा कोलम काढायच्या आणि मग पोथी उघडून बसायच्या. खणखणीत आवाजात ओव्या म्हणायच्या, पानं वेळेवर उलटायच्या. मी कॉफीचा डबरा, म्हणजे पेला-वाटी, घेऊन दारात उभी राहायची आणि वाटायचं, बाबांना हे दाखवायला हवं.

बाकी मात्र दाखवण्यासारखं काही नव्हतं. मराठी घर, मराठी घर म्हणून आले, आणि अर्धं कळेना. त्यांचं बोलणं म्हणजे कुणी जुना कागद वाचून दाखवावा, आणि तोही तमिळ चालीत. "स्नान झालें कां गो? मग इकडे ये." त्यांना माझं बोलणं फार भरभर वाटायचं. "हळू सांग," म्हणायच्या, "कोण मागें लागलें आहे?" जेवायला रोज चिंच. सांबारात चिंच, रसमात चिंच, भाजीतही चिंच. एके दिवशी मी आमटीत गुळाचा खडा टाकला, तर अक्कांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि वाटी बाजूला सारली. एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मिटलं असतं. पण नाही. ह्या घरात कुणी काही बोलायचंच नाही, असा नियम होता की काय कोण जाणे.

पहिली दिवाळी आली. आपल्याकडे पहिला दिवाळसण माहेरी, लेक-जावयाला मुद्दाम बोलावतात, मुराळी न्यायला येतो. मी दिवस मोजत होते. बाबांची पोस्टकार्डं यायची, महिन्याला एक, दोन ओळींचं: "आम्ही खुशाल. तुम्ही सर्व खुशाल असाल." दिवाळीबद्दल चकार शब्द नाही. दिवाळी गेली. शेजारच्या राजम मामींची मुलगी जावयाला घेऊन आईकडे आली, फटाके काय, रेशमी साड्या काय. तिकडेही पहिली दिवाळी मुलीच्या माहेरीच असते, तेव्हा कळलं. म्हणजे दोन्ही मुलुखांची रीत एकच, आणि माझ्या बाबांना मात्र दोन्हींचा पत्ता नाही! अक्का त्या दिवशी माझ्याशी जरा तुटकच होत्या. मला वाटलं, माझं माहेर कंजूस म्हणून त्यांना राग आला असेल. आला असेल तर येवो, मलाही आलाच होता.

एकदा एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन लावला. बाबांना बोलावून आणेपर्यंत भिंतीवरचे लाल आकडे पळत होते. बाबांनी सगळ्यांची खुशाली विचारली. मग जरा थांबून म्हणाले, "बाकी काही?" मी म्हटलं, "बाकी काही नाही." "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला. मी मनात म्हटलं, स्वतःहून विचारायची नाही मी. न्यायला या म्हणून मी विनवण्या करायच्या? आम्ही दोघं बापलेक एकाच मातीचे, त्याला कोण काय करणार.

दुसऱ्या वर्षी केबल आली. तोपर्यंत आमच्याकडच्या टीव्हीवर तमिळ बातम्या आणि सिनेमातली गाणी, एवढंच. मग नारळाच्या झाडांवरून काळी वायर घरात शिरली आणि जगातलं काय काय दिसायला लागलं. परदेशी साबण, परदेशी पेयं, गोऱ्या बायका. अक्कांना त्यातलं काही आवडेना. आणि मग एका दुपारी त्यांना एका हिंदी चॅनेलवर ते जपानी कार्टून सापडलं. आता माझी मुलगी त्याला ॲनिमे म्हणते. तेव्हा आम्हाला तो शब्द ठाऊक नव्हता. हिंदीत डब केलेलं होतं. डोंगरातल्या गावातली एक बारा-तेरा वर्षांची पोरगी समुद्रकाठच्या शहरात मावशीकडे राहायला येते. मावशीचं खाणावळीसारखं छोटं दुकान. बस, एवढीच गोष्ट. राक्षस नाही, लढाई नाही, जादू नाही. एका भागात पोरगी भात शिजवायला शिकते. दुसऱ्यात चपला दाराशी बाहेरच्या दिशेला तोंड करून नीट लावते. एका भागात मावशी डबा भरते, त्यात भाजीचे तुकडे कसे मांडते ते पाच मिनिटं दाखवलं होतं. मी कपाळाला हात लावला. आमच्या मिरजेत एवढ्या वेळात दोन डबे भरून पोरं शाळेत पोचतात!

पण अक्का खिळून बसल्या. त्यांना हिंदीचं अक्षर कळत नव्हतं. त्या गावात हिंदी कुणाला कळणार? कळत होतं फक्त मला. मग काय विचारता. रोज चारला राजम मामी भिंतीपलीकडून यायच्या, अक्का जमिनीवर मांडी घालून बसायच्या, मी भाजी निवडत मागे, आणि दर दोन मिनिटांनी प्रश्न: "काय म्हणाली ती?" पोरगी जपानीत बोललेली, कुणीतरी मुंबईत ते हिंदीत केलेलं, मी मराठीत सांगायचं, आणि अक्का मामींना तमिळमध्ये सांगणार. मामींपर्यंत काय पोचायचं देव जाणे. नाव उच्चारता येईना म्हणून अक्कांनी पोरीचं नाव कावेरी ठेवून टाकलं. "काय म्हणाली कावेरी?" "ती म्हणाली, पाऊस येणारसं दिसतंय." "आणि मावशी काय म्हणाली?" "मावशी काही म्हणाली नाही, अक्का. ती नुसती बघतेय." "कां बघते?" आता मला काय माहीत का बघते!

खरं सांगते, मला ते कार्टून बघून संताप यायचा. पंचवीस मिनिटांत माणसं तीन वाक्यं बोलायची. पोरीला घरी जायचंय, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मावशीला ते कळलंय, हेही दिसत होतं. पण पोरगी खिडकीतून समुद्राकडे बघणार, मावशी तिच्या पाठीकडे बघणार, आणि चहाच्या कपातून वाफ निघणार. मी चिडून म्हणायची, "अगं, बोला की एकदाचं! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?" अक्का वळून बघायच्या. आपण कुणाला बोलतोय, हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं सगळंच टळलं असतं.

गुळाच्या आमटीची गोष्ट अजून मनात सलत होती. एका दुपारी मावशीने पोरीला विचारलं, वही घेतलीस का. पोरगी म्हणाली, घेतली. अक्कांनी विचारलं, "काय म्हणाली?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती म्हणते, मला माझ्या गावासारखी गूळ घातलेली आमटी खावीशी वाटते." अक्का विचारात पडल्या. "जपानांत गूळ आहे?" "आहे," मी म्हटलं. अक्कांनी ते मामींना सांगितलं. मामी म्हणाल्या, पावम्, बिचारी. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तर माझ्या पानात डाव्या बाजूला गुळाचा खडा. अक्का दुसरीकडे बघत वाढत होत्या.

मग मला चटकच लागली. जे तोंडाने बोलायची हिंमत नव्हती ते कावेरी बोलायला लागली. कावेरी म्हणाली, तिला पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ केली की डोकं दुखतं. दोन दिवसांनी न्हाणीघरात बंब पेटलेला. कावेरी म्हणाली, सगळ्यांसमोर हळू बोल म्हटलं की तिला अपमान वाटतो. ते बंद झालं. आणि उलटही व्हायचं. अक्का टीव्हीकडे बघतच म्हणायच्या, "त्या पोरीला सांगायला पाहिजे, मावशी म्हातारी झाली. तिला पण कोणीतरी जेवलीस कां म्हणून विचारावें." मी मान खाली घालून गवारीच्या शिरा काढत राहायची. संध्याकाळी विचारायची, "अक्का, तुम्ही जेवलात का नीट?" असा आमचा संसार त्या कार्टूनवर चालला होता. समोरासमोर बसलेल्या दोन बायका, एकाच भाषेतल्या, आणि मधे ही जपानी पोरगी.

एका भागात पाऊस होता. पोरगी बसथांब्यावर एकटी उभी, हातात लाल छत्री, बंदच. ती रडायला लागली. हिंदीत ती एवढंच म्हणाली होती, की मावशीची छत्री मोडली, आता ती रागावेल. पण त्याच सकाळी बाबांचं पोस्टकार्ड आलं होतं. आम्ही खुशाल, तुम्ही सर्व खुशाल असाल. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येईचना. मी म्हटलं, "ती म्हणते, बाबांना माझी आठवणच नाही. न्यायला येतो म्हणून एक पत्र लिहिलं नाही त्यांनी. मी इथे मेले काय नि जगले काय." आणि भाजीचं ताट उचलून आत निघून गेले. मागून मामींनी नाक पुसल्याचा आवाज आला. अक्कांनी त्या दिवशी मामींना तमिळमध्ये काही सांगितल्याचं ऐकू आलं नाही.

पुढे काही महिने असेच गेले. कार्टून संपलं. आम्ही तिघीही सुतकात असल्यासारख्या चारला बसून राहायचो. मग चॅनेलवाल्यांनी तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि माझा घात झाला.

मी साफ विसरले होते कुठल्या भागात काय सांगितलं ते. कोण लक्षात ठेवतं! पण अक्का लिहून ठेवत नसत ना, त्यांचं सगळं डोक्यात. कुठल्या नातेवाइकाने कुठल्या लग्नात काय म्हटलं, तेही त्यांना शब्दाला शब्द आठवायचं. पहिले काही भाग त्यांनी नुसते ऐकून घेतले. मग तो पावसाचा भाग आला. बसथांबा, लाल छत्री. मला त्या दिवशी कणकण होती, मन थाऱ्यावर नव्हतं. "काय म्हणाली?" अक्कांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "छत्री मोडली म्हणते, मावशी रागावेल."

"नाही," अक्का म्हणाल्या.

"नाही काय? तसंच म्हणाली."

"मागें हाच पाऊस, हीच छत्री. तेव्हां तिचा बाप पत्र लिहीत नाही म्हणून रडली. न्यायला येत नाही म्हणून." राजम मामींनी तमिळमध्ये हुंकार भरला, ती छत्री आणि ते रडणं त्यांनाही पक्कं आठवत होतं. मी काहीतरी सारवासारव करायला लागले, हिंदीत दोन अर्थ होतात वगैरे. अक्का उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला. कार्टून अर्ध्यात असताना त्यांनी टीव्ही बंद केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. मामी चप्पल घालून निघून गेल्या.

"कोणाचा बाप पत्र लिहीत नाही, वसुधे?"

आता काय लपवायचं? मी म्हटलं, "माझा." आणि मला रडू फुटलं. दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. दिवाळसण, पोस्टकार्डं, तो फोन. मी म्हटलं, अक्का, माझं माहेर तुटलं. मला न्यायला येणारं कुणी राहिलं नाही.

अक्का देवघरात गेल्या. पोथी बांधलेलं लाल फडकं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसून त्याची गाठ सोडली. पोथीच्या खाली एक निळं अंतर्देशीय पत्र होतं. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं. पत्ता बाबांच्या हस्ताक्षरात, अक्कांच्या नावाने.

"हें वाच," अक्का म्हणाल्या. "ह्यांतलें तरी खरें सांग."

मी विचारलं, हे कधीचं? पहिल्या दिवाळीच्या आधीचं. मग मला का नाही दिलं? अक्का फडक्याची घडी घालायला लागल्या. "आम्हांस अक्षर येत नाही," त्या म्हणाल्या. मला कळेचना. रोज पहाटे पोथी वाचणारी बाई! "तें पाठ आहे. सासूनें म्हणून घेतलें, मी पाठ केलें. पानें कुठे उलटायचीं तें पण पाठ. वाचायला येतें तें तमिळ." पत्र आल्यावर त्यांनी ते लेकाला दाखवलं होतं. आमचे हे शिकले तमिळ आणि इंग्रजीत. बाबांच्या मास्तरी वळणातलं त्यांना फक्त 'नमस्कार' आणि 'खुशाल' एवढं लागलं, आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, ख्यालीखुशालीचं आहे. धन्य तो पुरुष! मला का विचारलं नाही? तर लग्न ठरताना सांगितलं होतं ना, घरात मराठी वाचतात म्हणून. देशावरून आणलेल्या सुनेपुढे, मास्तरांच्या मुलीपुढे, कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून व्याह्यांचं मानाचं पत्र म्हणून कुंकू लावून देवापाशी ठेवलं. दोन वर्षं त्याची पूजा चालली होती.

मी वाचायला लागले. बाबांनी विहीणबाईंना सविनय नमस्कार लिहिला होता. पहिल्या दिवाळसणाला चि. वसुधा आणि जावईबापूंना मिरजेला पाठवावं अशी विनंती होती. आपला होकार आल्यावर मी स्वतः न्यायला येतो, आपल्या परवानगीशिवाय मुलीला याबाबत काही कळवणं योग्य नाही म्हणून तिला लिहिलेलं नाही, उत्तराची वाट पाहतो. इथपर्यंत वाचून मी घडी घालायला लागले. अक्कांनी कागदावर बोट ठेवलं. "इथें अजून दोन ओळी आहेत."

वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. मी वाचलं. बाबांनी लिहिलं होतं, "तिची आई असती तर तिने हे पत्र चांगलं लिहिलं असतं. मला ही भाषा जमत नाही. पोरीशिवाय घरात करमत नाही, एवढंच."

चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस लिहितोय, मला ही भाषा जमत नाही. फोनवरचं ते "बाकी काही?" मला तेव्हा कळलं. बाबा होकाराची वाट बघत होते. उत्तर नाही म्हणजे नकार, आणि नकारावर वाद घालायचा नाही, कारण मुलगी त्यांच्या घरात. हमालाशी वाद घालतील, व्याह्यांशी नाही. इकडे अक्का म्हणाल्या, "पहिल्या दिवाळीला बोलावलें नाही म्हणून आम्हांस पण वाईट वाटलें. बोललों नाही." म्हणजे बाबा रुसले, मी रुसले, अक्का रुसल्या, आणि बोलावणं पोथीच्या फडक्यात हळद-कुंकू खात बसलेलं. डोकं आपटावं की हसावं, कळेना. आम्ही दोघी रडलोच.

मग अक्का म्हणाल्या, "कागद आण. मी सांगतें तसें लिही. कार्टूनसारखें करूं नको." मी लिहायला बसले. "तुमचें पत्र पोचलें," त्या म्हणाल्या, "आम्हांस वाचतां येत नाही म्हणून उत्तर दिलें नाही." माझी लेखणी थांबली. मी म्हटलं, अक्का, असं कशाला? पत्र गहाळ झालं, आत्ता सापडलं, असं लिहू. तुमचा मान राहील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने लिहिलं. "हें आमचें चुकलें. मुलीचें नाही. ती वाट बघते. लवकर या." खाली त्यांनी तमिळ अक्षरात सही केली.

बाबा आले. बसस्टँडवर उतरले ते कंडक्टरशी वाद घालतच, काखेत गुळाची ढेप. अक्कांनी ओवाळलं, बसायला पाट दिला. "प्रवास कसा झाला म्हणून विचार," त्या मला म्हणाल्या. "काय म्हणतात त्या?" बाबांनी मला विचारलं. चार दिवस मी मराठीचं मराठीत भाषांतर करत बसले! निघताना अक्का तंजावूरच्या स्टेशनवर आल्या. मला म्हणाल्या, "जाऊन ये," आणि बाबांना म्हणाल्या, "पाठवा हो." बाबांना तेवढं भाषांतराशिवाय कळलं.

मिरजेत पहिले आठ दिवस स्वर्ग होता. नवव्या दिवशी आमटी गोड लागायला लागली. मी चिंचेचं बुटुक शोधत स्वयंपाकघरात फिरले, तर बाबा म्हणाले, "बिघडवलं तुला त्यांनी." चारला हात आपोआप भाजीच्या ताटाकडे जात आणि कुणी काही विचारत नसे. परत न्यायला कोण येणार, कधी येणार, हे पुन्हा मोठ्या माणसांनी ठरवायचं होतं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा दोन वर्षं.

विसाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. देवनागरीत. पत्ता आमच्या ह्यांनी इंग्रजीत घातलेला, पण मजकूर त्यांचा नव्हता. मोठमोठी, वेडीवाकडी अक्षरं, कोलमच्या रेघांसारखी जाड. बाबा यायच्या आधीचा महिनाभर अक्का सकाळी दारात कोलम झाला की पिठाने एकेक अक्षर काढायच्या, मी चुका सांगायची. तेवढ्या अक्षरांत बसवून त्यांनी लिहिलं होतं:

"कार्टून कळत नाहि. ये."

बाबांनी ते दोनदा वाचलं, उठले आणि ट्रंक काढायला गेले. आडवी की उभी, काही बोलले नाहीत.

आता बाबा नाहीत, अक्काही नाहीत. ते पोस्टकार्ड पोथीच्या फडक्यात आहे, निळ्या पत्राशेजारी. मी अजून तंजावूरलाच. माझी मुलगी चेन्नईत नोकरी करते, सुट्टीला येते आणि पाय वर घेऊन लॅपटॉपवर ॲनिमे बघते. तिला मराठी कळतं, बोलते थोडं, वाचता येत नाही. हे मी लिहिलेलं तिला मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि ती मधेच मोबाइल बघेल. किती डोकं फोडलं बाराखडी शिकवायला! जाऊ दे.

लोक विचारतात, तुझं घर मिरज की तंजावूर? मी दोन्हीकडे नावं ठेवते, म्हणजे दोन्ही माझीच असणार. पण मनातलं सांगू? मुलगी बघत बसली की मी भाजीचं ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसते आणि विचारते, "काय म्हणाली ती?" मुलगी वैतागते. "अम्मा, खाली इंग्लिशमध्ये येतंय ना, वाच की!" मग जरा वेळाने आपणच सांगायला लागते, अर्धं मराठी, अर्धं तमिळ.

मला ते खालचं वाचता येतं. तरी मी विचारते.